गुडघ्यात पाणी का होतं? सांध्याची रचना आणि सुजेची कारणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा सुजला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती गोळी घेऊ?" गोळीच्या आधी तीन गोष्टी बघा. सूज किती वेळात चढली, ती सांध्याच्या आत आहे की बाहेर, आणि गुडघा हाताला गरम लागतो का. रुग्णाने या तीन प्रश्नांची नीट उत्तरं दिली तर तपासणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

एक सूचना मात्र आधीच. एकच गुडघा अचानक सुजला असेल, गरम असेल, जराही हलवता येत नसेल, सोबत ताप किंवा थंडी वाजत असेल, तर पुढचं वाचायला थांबू नका. आजच, आत्ताच रुग्णालयात जा.

गुडघा नेमका कशाकशाचा बनलेला असतो?

वरून मांडीचं हाड, खालून नडगीचं हाड आणि समोर वाटी, अशी तीन हाडं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक बारीक हाड असतं. ते सांध्यात थेट येत नाही, पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, त्याच्या टोकाला चिकटलेलं असतं, त्यामुळे मार लागल्यावर तिथे दाबून पाहावंच लागतं.

खरं तर इथे एकाच आवरणात दोन सांधे आहेत. एक मांडी आणि नडगी यांचा, शरीराचा भार पेलणारा. दुसरा वाटी आणि मांडीच्या हाडाचा. जिना उतरताना किंवा उकिडवं बसून उठताना समोरून दुखतं, तेव्हा तक्रार बहुधा या दुसऱ्या सांध्याची असते.

वाटी मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या, कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) बसलेली असते. ती कंडरेला पुढे उचलून धरते, म्हणून स्नायूला कमी जोरात पाय सरळ करता येतो. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती, असते. तिच्यात हाड धरायला साधारण ३ ते ६ वर्षांचं वय उजाडतं. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या एक्स-रेत वाटी दिसली नाही म्हणून घाबरू नये.

गुडघा दारासारखा फक्त उघडतो-मिटतो, ही समजूत अपुरी आहे. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून सरळ पायांवर आपण फारसे स्नायू न वापरता उभे राहू शकतो. सुजलेला गुडघा नेमके हेच शेवटचे अंश गमावतो, आणि मग उभं राहिलं तरी मांडी लगेच भरून येते.

कूर्चा म्हणजे काय? ती झिजते तेव्हा लगेच का कळत नाही?

हाडांच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत, काही मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. मज्जातंतू नाहीत म्हणून झीज सुरू झाल्याचं कळत नाही. दुखू लागतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर किंवा बाहेरचं आवरण चिडल्यावर. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून ती स्वतःला फारशी भरूनही काढत नाही. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, तेही गुडघा हलत राहिला आणि त्यावर भार पडत-सुटत राहिला तर. "दुखतंय म्हणून महिनाभर पलंगावरून उतरलोच नाही" हे ऐकून वाईट वाटतं ते यासाठी.

मग 'गादी फाटली' म्हणतात ती कोणती?

ती मेनिस्कस. मांडी आणि नडगीच्या हाडांमध्ये दोन अर्धचंद्राकृती, चिवट चकत्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मांडीच्या हाडाची गोलाई आणि नडगीचा सपाट माथा यांचा मेळ त्या बसवतात आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतात. आतली चकती आवरणाला अधिक घट्ट जोडलेली असल्यामुळे फाटण्याची शक्यता तिची जास्त.

मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथली फाट जुळू शकते, टाकेही घालता येतात. आतल्या कडेची फाट सहसा जुळत नाही. मध्यमवयानंतर मात्र बऱ्याच माणसांच्या एमआरआयमध्ये मेनिस्कसची फाट दिसते आणि त्यातल्या कित्येकांना कसलाच त्रास नसतो. एमआरआयच्या कागदावर 'फाट' हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. गुडघा अडकतो का, पूर्ण सरळ होत नाही का, हे प्रश्न त्या कागदापेक्षा महत्त्वाचे आहेत.

लिगामेंट किती असतात?

मुख्य चार. दोन बाजूंना दोन, ती गुडघ्याला आडवं वाकू देत नाहीत. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेद देणारी दोन. पुढचं, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे घसरू देत नाही. मागचं तिला मागे जाऊ देत नाही.

गुडघ्यातलं वंगण संपतं का?

नाही. सांध्याच्या आतल्या अस्तरातून एक दाट, फिकट पिवळसर, पारदर्शक द्रव सतत तयार होतो आणि शोषला जातो. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम काही मिलिलिटर असतो. त्याला दाटपणा हायल्युरॉनिक आम्लामुळे येतो. सांध्याला दाह झाला की द्रव वाढतो, पण पातळ होतो. म्हणजे तक्रार असलेल्या गुडघ्यात वंगण संपलेलं नसतं, उलट द्रव जास्त झालेला असतो, फक्त त्याचा दर्जा घसरलेला असतो. वंगणाची म्हणून दिली जाणारी इंजेक्शनं काहींना थोडा काळ बरं वाटू देतात, पण मोठ्या चाचण्यांमध्ये त्यांचा फायदा अल्पच दिसला आहे. त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

'पाणी झालंय' म्हणजे काय झालंय?

सांध्याच्या आवरणाच्या आत द्रव साठलाय. तो वाढलेला सांध्याचा द्रव असेल, रक्त असेल किंवा पू असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसू शकतात. पाणी होणं हा आजार नाही, आतल्या कशाची तरी ती खूण आहे. त्यामुळे "पाणी कमी करायची गोळी" अशी वेगळी गोळी नसते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तर गुडघ्यातलं पाणी मुळीच जात नाही, उलट त्यांपैकी काही गोळ्यांनी युरिक आम्ल वाढतं आणि गाऊट, म्हणजे त्या आम्लाच्या स्फटिकांनी होणारा सांध्याचा दाह, उफाळू शकतो.

सूज आतली की बाहेरची, हे घरी ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. आतली सूज वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या भरून टाकते आणि वाटीच्या वर, मांडीच्या खालच्या टोकाला फुगवटा आणते, कारण सांध्याची पिशवी वाटीच्या वर चार बोटं तरी पसरलेली असते. दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहा, फरक लगेच कळतो.

पाणी थोडंच असेल तर ही तपासणी करा. पाठीवर झोपा, पाय सरळ, मांडी पूर्ण सैल. वाटीच्या आतल्या अंगाची खळगी तळहाताने खालून वर दोन-तीनदा सारा, म्हणजे तिथला द्रव वर ढकलला जाईल. आता हात वाटीच्या बाहेरच्या अंगाला न्या आणि वरून खाली हळू फिरवा. नजर आतल्या खळगीवर ठेवा. रिकामी झालेली ती जागा एखाद्या क्षणात पुन्हा फुगली, तर सांध्यात पाणी आहे. गुडघा गच्च भरलेला असेल तर मात्र ही लाट दिसत नाही, कारण द्रवाला सरकायला जागाच उरलेली नसते. तेव्हा एका हाताने वाटीच्या वरचा फुगवटा दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी खाली दाबतात. तरंगणारी वाटी हाडावर टेकल्याचा हलका 'टक्' बोटांना जाणवतो.

बाहेरची सूज एका जागी असते. वाटीच्या अगदी पुढ्यात मऊ गोळा आला असेल आणि गुडघा सरळ असताना फारसं दुखत नसेल, तर ती बहुधा वाटीपुढच्या बर्साची सूज. बर्सा म्हणजे घर्षण टाळणारी पातळ पिशवी. तासन्‌तास गुडघे टेकून काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्वचेला खरचटलं असेल आणि गोळा लाल, गरम असेल तर त्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, तेव्हा दाखवून घ्या.

मार लागल्यावर सूज किती वेळात आली, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा का विचारतात?

कारण रक्त वेगाने भरतं आणि द्रव सावकाश. गुडघा मुरगळल्यावर तासा-दोन तासांत टम्म फुगला तर आत रक्तस्राव झाला असं धरून चालतात. अशा गुडघ्यात सर्वांत जास्त वेळा सापडतं ते तुटलेलं एसीएल. त्याखेरीज हाडाचं फ्रॅक्चर, वाटी सरकणं किंवा मेनिस्कसची कडेची फाट. एसीएल तुटलेल्यांचं सांगणं बरंचसं सारखं असतं: पळता पळता एकदम थांबलो किंवा वळलो, आत 'टप्' झालं, खेळ सोडावा लागला. त्यांना कोणी धक्का दिलेला असतोच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा भरलेला दिसला, तर मेनिस्कसची फाट किंवा साधी लचक अधिक संभवते. म्हणून "काल लागलं, आज सुजलंय" एवढं सांगून थांबू नका. रात्री झोपताना सूज होती की नव्हती, ते आठवून सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ माराने, कधी माराशिवायही, सांध्यात रक्त साठू शकतं. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांत तर गुडघा हे रक्तस्रावाचं नेहमीचं ठिकाण आहे.

मार लागला की एक्स-रे काढावाच लागतो का?

दर वेळी नाही. ओटावा नियम नावाची सोपी कसोटी जगभर वापरली जाते. वय ५५ किंवा जास्त. फक्त वाटीवरच दाबल्यावर दुखणं. बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकावर दुखणं. गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणं. मार लागल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता न येणं. यांतलं एकही लागू असेल तर एक्स-रे काढावा. एकही नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी.

काहीच लागलं नाही, तरी गुडघा सुजला. कशाने?

उतारवयात सर्वांत नेहमीचं कारण झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात गुडघा फारसा गरम नसतो. जास्त चालणं झालं, जिने झाले की पाणी भरतं, विश्रांतीने ओसरतं. सकाळी आखडलेपण असतं, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याच्या आजाराची, चाल वेगळी. तो बहुधा दोन्ही बाजूंना, हाताच्या बोटांच्या लहान सांध्यांनाही धरतो. सकाळचं आखडलेपण तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं आणि हालचालीने सैल होतं. इथे उशीर महाग पडतो, कारण सांध्याची मोडतोड सुरुवातीच्या काळातच सुरू होते आणि आज तिला रोखणारी चांगली औषधं आहेत. रक्ताच्या तपासणीत 'आरए फॅक्टर' नकारात्मक आला म्हणून हा आजार नाही असं ठरत नाही, आणि सकारात्मक आला म्हणून आहे असंही नाही.

डोक्यात किंवा कोपरावर सोरायसिसचे चट्टे असतील तर ते आवर्जून सांगा. जुलाब किंवा लघवीचा संसर्ग होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांनी गुडघा सुजला असेल तर तेही. या दोन गोष्टी रुग्ण सांगत नाहीत, कारण त्यांचा गुडघ्याशी संबंध असेल असं त्यांच्या मनातही येत नाही. चिकुनगुन्यासारख्या तापानंतर सांधे कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने सुजतात. आणि एकच गुडघा महिनोन्‌महिने हळूहळू सुजत चालला असेल, मांडी सुकत असेल, तर सांध्याच्या क्षयाचा (टीबीचा) विचार करावाच लागतो.

युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं, म्हणजे गाऊट नाही ना?

असं म्हणता येत नाही. गाऊटचा झटका चालू असताना रक्तातलं युरिक आम्ल कधी कधी नॉर्मल येतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोन-एक आठवड्यांनी पुन्हा तपासतात. उलटही खरं आहे: युरिक आम्ल वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. खात्री होते ती सांध्यातल्या द्रवात सुईसारखे स्फटिक दिसल्यावर.

झटका बहुधा रात्री येतो आणि २४ तासांच्या आत शिगेला पोचतो. पहिल्यांदा पायाचा अंगठा धरतो हे ठाऊक असतंच, पण गुडघाही धरतो. वयस्कर माणसांत कॅल्शियमच्या स्फटिकांनी होणारा अगदी तसाच झटका असतो, आणि त्याचा आवडता सांधा गुडघाच.

जंतुसंसर्गाची एवढी भीती का?

पू झालेल्या सांध्यात कूर्चा काही दिवसांत खराब होते आणि ती परत येत नाही. मोठ्यांमध्ये या संसर्गाचा सर्वांत नेहमीचा बळी गुडघाच असतो. मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, नुकतंच सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, बसवलेला कृत्रिम गुडघा: यांत धोका वाढतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच रुग्णांना ताप नसतो. अशा वेळी सुईने पाणी काढून तपासायच्या आत घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. तिने जंतू मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात.

गुडघ्याच्या मागे गोळा आलाय, तो काय?

बहुधा बेकर सिस्ट. सांध्यात द्रव वाढला की तो मागच्या बर्सात शिरतो आणि लवणीत फुगवटा येतो. मूळ कारण समोर सांध्यात असतं, म्हणून नुसता गोळा काढून भागत नाही. कधी तो फुटतो आणि द्रव पोटरीत उतरतो. पोटरी एकदम दुखते, सुजते, लाल होते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही हुबेहूब असंच दिसतं, आणि गुठळी जिवावर बेतू शकते. दोन्हींतला फरक सोनोग्राफीनेच करायचा, अंदाजाने नाही.

मुलांच्या गुडघ्याची सूज वेगळी असते का?

हो, आणि तिला 'खेळताना लागलं असेल' म्हणून सोडू नये. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांना वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखरी गाठ येते. ती निरुपद्रवी, वाढ थांबली की दुखणं थांबतं. पण मूल लंगडतंय, पाय टेकवत नाही, ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं, दिवसागणिक वाढणारं दुखणं आणि गुडघ्याजवळ हाडाची सूज असेल तर एक्स-रे लांबवू नका. हाडाच्या गाठींना गुडघ्याभोवतालची जागा पसंत आहे. मुलाचा गुडघा दुखतो पण तपासताना गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबा तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात दाखवतात.

सुईने पाणी काढलं की सवय लागते, पुन्हा पुन्हा भरतं, खरं का?

नाही. पुन्हा भरतं ते कारण शिल्लक असल्यामुळे.

या तपासणीची भीती मोडायला हवी, कारण दुसरी कोणतीही चाचणी इतक्या लवकर इतकं सांगत नाही. त्वचा स्वच्छ करतात, भूल देतात आणि वाटीच्या बाजूने सुई आत जाते. सिरिंजमध्ये काय येतंय तिकडे सगळ्यांची नजर असते. पारदर्शक पिवळा द्रव, ज्यातून पलीकडची छापील अक्षरं वाचता येतात, तो झिजेचा. गढूळ, ज्यातून अक्षरं दिसत नाहीत, तो दाहाचा, गाऊटचा किंवा संसर्गाचा. लाल रक्त आलं तर ते भांड्यात थोडा वेळ ठेवून पाहतात. वर तेलकट थेंब तरंगले तर ती हाडाच्या मगजातली चरबी आहे, म्हणजे एक्स-रेत दिसत नसलं तरी कुठेतरी हाड मोडलंय. पांढऱ्या पेशींची संख्या घन मिलिमीटरला ५०,००० च्या पुढे गेली तर संसर्ग धरून उपचार सुरू होतात, पण त्याहून कमी आली तरी संसर्ग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. भरलेला गुडघा रिकामा झाल्यावर ठणका तिथल्या तिथे कमी होतो, हा आणखी एक लाभ.

शेक गरम घ्यावा की थंड?

ताज्या, गरम सुजेवर थंडच. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पायाला बधिरपणा असेल तर बर्फ टाळा, त्वचा भाजल्याचं कळत नाही. क्रेप बँडेज खालून वर बांधा. पाऊल थंड पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. चोळणं, मालिश, गुडघा खेचून 'बसवून' घेणं नको.

आणि गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. सुजलेला गुडघा किंचित वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण त्या स्थितीत आवरणात सर्वांत जास्त जागा असते. पण दिवसेंदिवस तसाच ठेवला तर तो वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली घ्या.

दुखण्याच्या गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा त्रास, जठराचा व्रण, हृदयविकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर स्वतःहून घेऊ नयेत.

सुजलेल्या गुडघ्याचा व्यायाम करायचा का?

फ्रॅक्चर आणि संसर्ग नाही हे ठरल्यावर, करायचाच. सांध्यात पाणी असलं की मेंदू क्वाड्रिसेप्सला पूर्ण ताकद लावू देत नाही. २० ते ३० मिलिलिटर पाणीसुद्धा मांडीच्या आतल्या बाजूच्या भागाला ढिला पाडायला पुरतं. म्हणून दुखत नसतानाही चालता चालता गुडघा 'सुटतो'. दोन-तीन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते.

सुरुवात पलंगावरूनच होते. पाय सरळ ठेवा, गुडघा गादीत खाली दाबा, मांडी घट्ट करा, ५ सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर स्नायू अजून जागा झालेला नाही. जमू लागलं की सरळ पाय वीतभर उचलणं. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर भार जास्त झाला, एक पायरी मागे या.

वजन कमी केल्याने खरंच फरक पडतो?

पडतो. झिजेचा संधिवात असलेल्यांमध्ये एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे.

गुडघ्यात कटकट वाजतं, त्याचं काय?

दुखत नसेल आणि सूज नसेल तर काहीच नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

सूज सर्वांत जास्त असतानाचे दोन्ही गुडघ्यांचे समोरून काढलेले फोटो, कारण तपासणीच्या दिवशी सूज हटकून उतरलेली असते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या आणि लघवीच्या गोळ्यांसकट. पूर्वी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख. एक्स-रे नव्याने काढायचा झाला तर झिजेसाठी तो उभं राहूनच काढा; झोपून काढलेल्या चित्रात दोन हाडांमधलं अंतर खरं आहे त्याहून जास्त दिसू शकतं. आणि गुडघ्याच्या वरपर्यंत सहज सरकतील असे सैल कपडे घाला, म्हणजे दोन्ही मांड्या शेजारी शेजारी पाहता येतील.